नाना घरी वारले. फलकावर शब्द कोणता लिहायचा?

खटावकर
मंडळी, अडलोय, मदत करा. माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, ६ फेब्रुवारीला पहाटे घरीच गेले. वय ७५. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये म्हणजे जंगी पलटणीत होते. १९७१ च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, जमालपूरच्या लढाईत होते. तेव्हापासून उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या अंगाला बसावं लागायचं.

तेराव्याला एसटी थांब्यावर फलक लावायचा आहे. फ्लेक्सवाल्याने नमुना पाठवला, त्यात मोठ्या अक्षरांत 'शहीद जवान'. मी म्हटलं, अरे, ते अंथरुणात गेले, शहीद कसे? तर म्हणाला, फौजी माणसाला आम्ही हेच टाकतो. गुरुजी म्हणतात 'वीरमरण' लिहा. चुलतभाऊ म्हणतो 'दुःखद निधन' पुरे. मला तिन्ही पटत नाहीत. लढाई करून जिवंत परत आलेल्या आणि पन्नास वर्षांनी घरी गेलेल्या सैनिकासाठी मराठीत शब्द कोणता?

दुसरा प्रश्न 'दुखवटा' या शब्दाचा. त्याच सकाळी लतादीदी गेल्या. नानांच्या मातीवरून परत आलो तेव्हा ओट्यावर कुणीतरी मोबाइल बघून म्हणालं, "दोन दिवस दुखवटा जाहीर झाला." आतून काकीने विचारलं, "कुणाकडचा आला? अजून दहावा कुठं झालाय?" तिच्या लेखी दुखवटा म्हणजे सोयऱ्यांनी आणलेली टॉवेल-टोपी आणि साडी-चोळी. राष्ट्रीय दुखवटा म्हणजे काय हे मला तिला सांगता आलं नाही. मूळ अर्थ कुठला, आणायचा तो की पाळायचा तो?

शब्दसंग्राहक
प्रथम आपल्या दुःखात सहभागी आहे. 'शहीद' कृपा करून लिहू नका. अरबी शब्द आहे, मूळ अर्थ साक्षीदार, आणि हिंदी वाहिन्यांमुळे तो मराठीत बोकाळला. आपल्याकडे 'हुतात्मा' आहे, सावरकरांनी रूढ केलेला. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला तेव्हा संयुक्त महाराष्ट्रासाठी पडलेल्यांना कोणी शहीद म्हटलं नाही. पण हुतात्माही तुमच्या नानांना लागू नाही, वीरमरणही नाही. हे तिन्ही शब्द मरणाच्या प्रकारावर बेतलेले आहेत. 'वारले' लिहा. स्वच्छ मराठी शब्द आहे.

सुभेदार (निवृत्त)
जय हिंद. नानांना सलाम. जंगी पलटण जमालपूरला होती ही लहान गोष्ट नाही. पाकिस्तानी पलटणीच्या कमांडरला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली होती, त्याने उत्तराच्या लिफाफ्यात गोळी घालून पाठवली. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. हे गावातल्या पोरांना माहीत नसेल तर फलकावर शब्दापेक्षा 'जमालपूर १९७१' असं ठळक लिहा.

'शहीद'चं म्हणाल तर फौजेच्या कागदांत तो शब्दच नाही. २०१५ मध्ये सरकारने लोकसभेत तसं सांगितलंही. 'बॅटल कॅज्युअल्टी' असते. घरी गेलेल्याला आम्ही आपसांत साधं 'गुजर गये' म्हणतो. पलटणीतली भाषा हिंदी, काय करणार.

आणि एक विचारतो. तिरंगा घातला नाही ना अंगावर? आमच्या गावात एका जोडीदाराच्या वेळी पोरं तिरंगा घेऊन आली होती. ध्वजसंहितेप्रमाणे तो फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी अंत्यसंस्कारातच घालता येतो. मीच पुढे होऊन घडी घातली. हात थरथरत होते माझे. त्याची बायको बघत होती.

खटावकर
सुभेदारसाहेब, आमच्याकडेही पोरांनी आणला होता. गावातल्या दोन माजी सैनिकांनी तुमच्यासारखंच समजावलं. मग काकीने ट्रंकेतून नानांची मेडलं काढली, पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल. रिबिनीचा रंग उडालाय. ती छातीवर ठेवली, आणि उचलायच्या आधी परत काढून घेतली, पदरात बांधली.

सोलापूरची लेक
दादा, वाचून गलबलले. पण लतादीदींच्या दुखवट्याबद्दल कुणी वाकडं बोलू नये म्हणून लिहिते. माझ्या आईने त्या रविवारी चूल पेटवली नाही. तिचं माहेरचं कुणी उरलं नाही, आणि ती म्हणते लताबाई माझ्या लग्नाच्या आधीपासून घरात आहेत. सुतक नाही, नातं नाही, तरी ती दोन दिवस 'पाळत' होती. तेव्हा 'दुखवटा पाळणे' हे सरकारी भाषेतून आलेलं उसनं दुःख आहे असं मला वाटत नाही. सरकारने फक्त झेंडा अर्ध्यावर आणला, पाळणारे घरोघर होते.

खटावकर
ताई, वाकडं कसं बोलेन? नानांच्या उशाशी ट्रान्झिस्टर असायचा, त्यावर त्याच असायच्या. मीही त्या संध्याकाळी शिवाजी पार्कचं बघताना रडलो, आणि त्यात नानांचं किती आणि दीदींचं किती ते मला सांगता येणार नाही. मला लागलं ते वेगळंच. गावाच्या ग्रुपवर दीडशे संदेश होते, त्यात नानांचा फोटो वर सरकत सरकत गेला. सापडेना.

वीरगळवेडा
मूळ प्रश्नाला एक जुना धागा जोडतो. महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई किंवा पळवलेली गुरं सोडवणारा वीर, त्याच्या वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. बोरिवलीच्या एकसरला तर नौकांची लढाई कोरलेली आहे. शब्द कन्नडमधून आलाय, 'कल्लु' म्हणजे दगड. पण हा दगड पडलेल्याचाच असतो. शेकडो वीरगळ पाहिले, गुरं सोडवून परत आला, म्हातारा झाला आणि मग गेला, अशा माणसाचा एकही पाहिला नाही. खटावकरांना शब्द सापडत नाही याचं मूळ इतकं जुनं असावं.

शब्दसंग्राहक
ओढूनताणून जुळवू नका. शब्द आहे: 'योद्धा'. 'ज्येष्ठ योद्धा' लिहा.

कराडकर
'योद्धा' हल्ली कुणालाही लावतात, कोरोना योद्धा, आरक्षण योद्धा. झिजला तो.

आमच्या कराडात १६ डिसेंबरला विजय दिवस साजरा होतो, ७१ च्या विजयाचा. माजी सैनिक येतात, गर्दी होते, म्हणजे सगळंच विसरलेत असं नाही. पण १६ डिसेंबर ही लक्ष्मीकांत बेर्डेंची पुण्यतिथीही आहे, २००४ ची. त्या दिवशी माझ्या फोनवर सगळ्यांच्या स्टेटसला लक्ष्या. मीही ठेवतो, कारण लहानपणी हसायला त्यांनीच शिकवलं. गेल्या वर्षी मात्र पन्नास वर्षं झाली होती विजयाला. शेजारचे अण्णा ७१ चे, तर त्यांचा वर्दीतला फोटो ठेवायचा म्हणून गेलो. अण्णा म्हणाले, "जित्या माणसाचा फोटू लावत्यात व्हय?" त्यांना वाटलं श्रद्धांजलीचाच असतो फोटो.

शब्दसंग्राहक
या निमित्ताने: 'श्रद्धांजली' नव्हे 'आदरांजली' म्हणावं असा एक आग्रह दिसतो. 'आदर' आणि 'अंजली' हा समास व्याकरणाने चालेल, पण ओंजळीत पाणी-फुलं असतात ती श्रद्धेने वाहिलेली. मला 'आदरांजली' कृत्रिम वाटतं.

कारवारी
कृत्रिम असो, पण श्रद्धांजली जिवंत माणसाला वाहता येत नाही आणि आदरांजली वाहता येते. कराडकरांच्या अण्णांना तीच हवी होती.

आमच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे. १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्ता मोकळा करताना जखमी अंगाने सुरुंग काढत होते, रणगाडे मागून येत होते. परमवीर चक्र मिळालं आणि ते जगले. १९९४ मध्ये पुण्यात गेले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर युद्धनौकेशेजारी त्यांचा पुतळा आहे. पर्यटक नौकेपुढे फोटो काढतात. मी एकदा तिथे उभा राहून एका शाळेच्या सहलीला सांगितलं हे कोण. पहिला प्रश्न आला, "कुठल्या लढाईत मेले?" घरी परतले म्हटल्यावर पोरांचा चेहरा पडला. म्हणजे खटावकर, परमवीर चक्र असूनही शब्दाची अडचण तीच.

सुभेदार (निवृत्त)
हुद्द्यानेही सुटत नाही. फील्ड मार्शल माणेकशॉ २७ जून २००८ ला तमिळनाडूतल्या वेलिंग्टनला गेले. ७१ त्यांनी जिंकून दिलं. राष्ट्रीय दुखवटा नव्हता. संरक्षणमंत्री नव्हते, तिन्ही दलांचे प्रमुख नव्हते. लष्करी इतमाम झाला, तोफा झाल्या. आम्ही काही जणांनी त्या दिवशी घरीच टोपी घालून उभं राहून सलाम केला. तीच काय ती आमची पाळणूक.

शब्दसंग्राहक
'इतमाम'वरून सांगतो, आपण 'शासकीय इतमामात' सर्रास म्हणतो. तो अरबी 'इत्माम' म्हणजे पूर्णत्व, समाप्ती. शेवट पुरा करणे, म्हणून अंत्यसंस्काराला चपखल.

वीरगळवेडा
नाही पटत. अरबी-फारसीत 'एहतिमाम' वेगळा आहे: काळजी, लक्ष घालणं, बंदोबस्त. जुन्या मराठी कागदांत इतमाम सरदारांच्या लवाजम्याशी, मानमरातबाशी येतो. तिथे समाप्तीचा काय संबंध? मधला 'ह' मराठीत गळाला, इतकंच. आणि शब्दसंग्राहक, 'शहीद' अरबी म्हणून बाहेर काढता तर 'इतमाम' कसा आत राहिला? 'माजी सैनिक'मधला 'माजी'ही अरबीच, म्हणजे गेलेला, सरलेला.

शब्दसंग्राहक
रुळलेले आणि लादलेले यात फरक असतो. 'इतमाम' चारशे वर्षं पचला आहे.

सोलापूरची लेक
'शहीद'ही पचलाय हो. शाहिरांच्या तोंडी, शाळेच्या फलकांवर, सगळीकडे आहे. माझी हरकत अर्थाला आहे. पडलेल्यांसाठी राखलेला शब्द घरी गेलेल्यांना दिला की त्या पडलेल्यांचं काहीतरी आपण काढून घेतो.

सुभेदार (निवृत्त)
ताई, बरोबर. नानांनाही नको वाटला असता. त्यांच्या कंपनीतले जे जमालपूरला राहिले, शब्द त्यांचा आहे.

'माजी'चं मला वेगळंच दुखतं. माजी आमदार असतो, माजी सरपंच असतो, निवडणूक हरला की माजी. सैनिक माजी कसा होतो? १४ जानेवारीला फौजेत माजी सैनिक दिन असतो, इंग्रजीत वेटरन म्हणतात. त्याला मराठी द्या कोणीतरी.

कारवारी
'जुनेजाणते'? 'मुरलेले'? आमच्याकडे 'पेन्शनर' म्हणतात, आणि त्यात पोस्टातला, बँकेतला, फौजेतला सगळे एकाच रांगेत.

वीरगळवेडा
'दुखवटा'वर कोणी बोललंच नाही. माझा अंदाज: दुःख अधिक पट्ट, म्हणजे वस्त्र. मधल्या 'प'चा 'व' होतोच, जसा दीपचा दिवा. म्हणजे काकींचा अर्थ मूळचा: शोकाच्या वेळी आणलेलं कापड. पुढे ते कापड घेऊन सुतकातून बाहेर पडेपर्यंतचे दिवस, आणि मग सरकारने जाहीर केलेले दिवस.

शब्दसंग्राहक
पट्ट कशाला आणता? कडवट, खारवट, हिरवट यांतला '-वट' प्रत्यय डोळ्यांसमोर आहे.

वीरगळवेडा
तो विशेषणांना लागतो. 'दुखवट' असं विशेषण तुम्ही कधी ऐकलंत?

सोलापूरची लेक
आजीच्या तोंडी 'दुखोटा' होता. आणि ती 'दुखोटा काढला' म्हणायची, म्हणजे माहेरच्यांनी कपडे घालून शोक उतरवला. नेसवल्याशिवाय बाई देवळात जात नसे. आणणारं हवं, त्याशिवाय तो निघत नाही.

खटावकर
ताई, हे काकीला वाचून दाखवलं. म्हणाली, "शाणी हाय पोरगी."

तिच्या माहेरी आता भाऊ नाही. भाचे पुण्याला असतात, येतील बहुतेक. फलकाचं अजून ठरत नाही. फ्लेक्सवाला उद्या दुपारपर्यंत थांबतो म्हणालाय. सध्या नाव, हवालदार, जंगी पलटण, जमालपूर १९७१ इथपर्यंत आलंय आणि खालची ओळ रिकामी आहे. 'वारले' लिहिलं तर चुलतभावाला ते उघडं वाटतं.

सुभेदार (निवृत्त)
खटावकर, नानांची कंपनी कोणती ते ट्रंकेवर बघता का? नंबराखाली पांढऱ्या रंगाने लिहिलेलं असेल. आमच्या शेजारच्या गावात एक तात्या आहेत, जंगी पलटणीतलेच, ७१ चे. कालपासून तीनदा विचारलं त्यांनी.

खटावकर
बी कंपनी. रंग उडालाय पण वाचता येतं.

सुभेदार (निवृत्त)
तात्यांना सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, दहावा कधी, आणि घरात बायामाणसं किती, साड्या किती घ्यायच्या. गावाचं नाव आणि एसटी कुठून बदलायची तेवढं कळवा.

शब्दसंग्राहक
वीरगळवेडा, 'दुखवट' विशेषण म्हणून नसेल, पण 'सारवट' पाहा. सविस्तर रात्री लिहितो.