मदत हवी आहे: नॉर्वेची किनारी बोट, फेब्रुवारीअखेर, आईला झेपेल असा टप्पा कोणता?

नमस्कार मंडळी,

थेट समुद्रातून वर चढलेले बर्फाचे कडे बघायची आईची फार वर्षांची इच्छा आहे. त्यासाठी नॉर्वेतली बर्गन ते किर्केनेस बोट मनात आहे. १८९३ मध्ये टपाल, माल आणि माणसं नेण्यासाठी सुरू झालेली ही सेवा, आता हुर्टिगरूटन आणि हाविला या दोन कंपन्या चालवतात. वाटेत ३४ बंदरं, जाऊन-येऊन १२ दिवस. इतके दिवस आणि पैसे आमच्याकडे नाहीत, एखादाच टप्पा जमेल.

आई सत्तरीच्या पुढची, आणि तिला मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा बोट लागते. त्यात तिकडे थंडीत दिवस लहान. नॉर्दर्न लाइट्स दिसले तर आनंदच आहे, पण तिला डोंगर दिसलेच पाहिजेत. नेमका डोंगरांचा भाग रात्री निघून गेला तर फार वाईट वाटेल. कोणी थंडीत गेलं असेल तर कृपया सांगा: कुठून कुठे जावं, केबिन कुठली घ्यावी, शाकाहारी जेवणाचं काय?

प्रतिसाद

ट्रॉम्सो ते ट्रोंडहाइम करा, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेला. उत्तरेला जाणारी बोट लोफोटेन बेटांना पोचते तोवर थंडीत काळोख झालेला असतो. परतीची बोट मात्र सकाळी हार्स्टाड, दुपारी स्टोकमार्कनेस आणि मग राफ्टसुंडच्या अरुंद खाडीतून जाते. फेब्रुवारीअखेर तिथे तेव्हा संध्याकाळचा उजेड असतो, दोन्ही बाजूंना कडे अगदी जवळ. तेवढ्या वेळासाठी आईंना डेकवर नक्की न्या. तिथून फुटणाऱ्या ट्रॉल्फ्योर्ड या चिंचोळ्या खाडीत मात्र थंडीत बोट शिरत नाही, वरून बर्फ आणि दगड कोसळायचा धोका असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी 'सात बहिणी' ही शिखरांची रांग दिसते.

बोट लागण्याच्या दृष्टीनेही हाच टप्पा बरा. स्टाड, हुस्टाडविका, लोपहावेट हे उघड्या समुद्राचे त्रासदायक पट्टे टळतात. उरतात वेस्टफ्योर्ड आणि फोल्डा, ते दोन्ही रात्री येतात. केबिन खालच्या डेकवर, बोटीच्या मध्यावर घ्या. गोळी त्रास सुरू होण्याआधी द्यायची, पण कुठली ते आईंच्या डॉक्टरांना विचारूनच. शाकाहारी जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा.

धागाकर्ती

खूप खूप आभार! राफ्टसुंडचं वाचूनच आई खूश झाली. ट्रॉम्सोहून बोट मध्यरात्रीनंतर सुटते असं दिसतंय, तोवर तिला कुठे बसवू? आणि ट्रोंडहाइमहून पुढे?

प्रतिसाद

त्या दिवशीची हॉटेलची खोली सोडू नका, रात्री उशिरा थेट धक्क्यावर जा. ट्रॉम्सोचे रस्ते गोठून निसरडे झालेले असतात, त्यामुळे बुटांना अडकवायचे खिळ्यांचे पट्टे पहिल्याच दिवशी दोघींसाठी घ्या. ट्रोंडहाइमला बोट पहाटे लागते. तिथून ऑस्लोला रेल्वेने साधारण सात तास, आणि तो मार्गही डोंगरातूनच जातो.