एनडीएची पहिली टर्म: रगडा सीनियर कॅडेटच्या हातात असावा का?

सिंहगड_पायथा:
दर सहा महिन्यांनी खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, नवा कोर्स (कॅडेटांची नवी तुकडी) येतो. साडेसोळा ते साडेएकोणीस वयाची पोरं, बरीचशी नुकतीच बारावी झालेली. माझं म्हणणं सरळ आहे, पीटी, ड्रिल जे काय कडक करायचं ते उस्तादांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी करावं, डिव्हिजनल ऑफिसरनी करावं, पण रात्री स्क्वाड्रनमध्ये (कॅडेट राहतात त्या गटात) सीनियरने फर्स्ट टर्मरला फ्रंट रोल म्हणजे कोलांट्या मारायला लावणं, बजरी (बारीक खडी) भरलेली पिशवी पाठीवर देऊन पळवणं, हा असला रगडा बंद व्हायला पाहिजे. तो सीनियरपण वीस-एकवीसचाच ना, कुणाचा गुडघा कधी जाईल हे त्याला काय कळणार?

कोर्समेट_कायम:
दादा अजिबात पटलं नाही. पट्टी परेड म्हणजे काय माहितीये का? दोन मिनिटात पीटी ड्रेस, परत पळत वर, ड्रिलचा ड्रेस, परत वर, मफ्ती (साधे कपडे), आणि एकजण जरी उशिरा आला तरी सगळ्यांना परत पहिल्यापासून. दोन-तीन फेऱ्या झाल्या की पोरं आपलं आवरायच्या आधी शेजारच्याच्या बुटाची लेस बांधायला लागतात. हे कुठला उस्ताद शिकवणार? उस्ताद ड्रिल शिकवतो, कोर्स घडतो तो स्क्वाड्रनमध्येच. आणि सीनियरला पण माणसं सांभाळायची सवय तिथेच लागते, उद्या त्याला जवान सांभाळायचेत.

सिंहगड_पायथा:
माणसं सांभाळायला स्क्वाड्रन कॅडेट कॅप्टन वगैरे अपॉइंटमेंट आहेतच की, त्यांच्यावर ऑफिसर लक्ष ठेवतात. पट्टी परेडला माझा विरोध नाहीच. मी बोलतोय ते रात्री झोपायच्या वेळी दिवे बंद केल्यावर जे चालतं त्याबद्दल.

साताऱ्याची_आई:
मी पालक म्हणून लिहिते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, ट्रेनिंगमध्ये जायबंदी होऊन मेडिकल बोर्डआऊट झालेल्या, म्हणजे शरीराने अपात्र ठरवून बाहेर काढलेल्या कॅडेटांची. कमिशन मिळायच्या आधीच बाहेर पडले म्हणून माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे माजी सैनिकांना मिळणाऱ्या सोयी पण तेव्हा नव्हत्या. १९८५ पासूनची अशी सुमारे ५०० मुलं असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. आपण इथे जोश जोश म्हणतो आणि पोरगं मोडलं की घरच्यांनी बघायचं?

कोर्समेट_कायम:
ताई, त्या मुलांना सगळं मिळालंच पाहिजे, यात दुमत नाही. पण त्यातली दुखापत ट्रेनिंगमधली किती आणि रगड्यातली किती? बॉक्सिंग आहे, घोडेस्वारी आहे, क्रॉसकंट्री आहे. सगळं सीनियरच्या माथी मारू नका.

साताऱ्याची_आई:
तेच तर विचारतेय ना, नोंद कुठेय? रात्री लोळताना खांदा गेला तरी पोरगं डॉक्टरला बाथरूममध्ये घसरलो म्हणूनच सांगणार, सीनियरचं नाव घेतलं तर तीन वर्षं त्याच स्क्वाड्रनमध्ये काढायचीत. उद्या नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर कागदावर काय, बाथरूम!

मराठी_मीडियम:
मला अजून एक वाटतं, झोपेवर कुणी बोलतच नाही. खेड्यातून मराठी शाळेतून आलेल्या पोराला आधीच इंग्रजीत लेक्चर, शेवटी डिग्री जेएनयूची आहे, नापास झालं तर रेलिगेशन म्हणजे एक टर्म मागे. रात्रभर रगडल्यावर सकाळी वर्गात डोळे मिटतात, मग तो मागे जाऊन उभा राहतो आणि उभ्या उभ्या पेंगतो. इंग्रजी चांगलं असलेला कसातरी तरून जातो, आपली पोरं मागे पडतात. यात कसला आलाय कणखरपणा?

कोर्समेट_कायम:
झोपेचा मुद्दा मान्य. रात्री ठरलेल्या वेळेनंतर कुणीच हात लावायचा नाही, दुखापत झाली तर कशात झाली ते खरं लिहायचं आणि लिहिणाऱ्याला त्रास देणाऱ्या सीनियरलाच रेलिगेट करा, मी सही करतो. पण सीनियरचा अधिकारच काढून घ्या म्हणाल तर शेवटपर्यंत विरोध करेन.

सिंहगड_पायथा:
मग खरं लिहून घेणारा माणूस स्क्वाड्रनच्या बाहेरचा हवा, डॉक्टर नाहीतर दुसऱ्या बटालियनचा ऑफिसर. त्याच सीनियरच्या देखत कोण लिहिणार?