घरात सगळं ऐकतो, गेटबाहेर पाऊल टाकलं की कोणाचंच नाही. लॅब्राडोरच्या पिल्लाला बाहेर कसं शिकवायचं?

मेहरूणवाला (जळगाव)

नमस्कार मंडळी, आमच्याकडे लॅब आहे, ब्रुनो नाव, पाच महिन्यांचा झालाय. घरात एकदम शहाणा, बस म्हटलं की बसतो, पंजा देतो, जेवणाची वाटी पुढ्यात ठेवली तरी घे म्हटल्याशिवाय तोंड लावत नाही. पण सकाळी मेहरूण तलावाकडे फिरायला नेला की हा तो कुत्राच नव्हे, पट्टा ओढून ओढून खोकतो, नाक जमिनीला लावलेलं, हाक मारली तर कानसुद्धा हलवत नाही आणि समोरून कोणी पळत आलं की त्याच्या अंगावर झेप. एका आजोबांच्या पांढऱ्या पायजम्यावर चिखलाचे पंजे उमटले, ते रागावले, त्यांचं काही चुकलं नाही.

आमचे आबा म्हणतात दोन रट्टे दे, सरळ होईल. ओळखीतून एक शिकवणारा बोलावला होता, त्याने गळ्यात साखळी अडकवून असा हिसका दिला की पिल्लू किंचाळलं, बायकोने तिथल्या तिथे सांगितलं की उद्यापासून येऊ नका. तेव्हापासून काठी हातात घेतलेला माणूस दिसला की ब्रुनो माझ्या पायामागे लपतो. मारून शिकवायचं नाही हे आमचं ठरलंय. पण मग बाहेर ऐकायला लावायचं कसं? खिशात बिस्किट नेतो तर बाहेर त्याच्याकडे बघत पण नाही. मोठ्या शहरातले व्हिडिओ बघितले पण आपल्याकडचं ऊन, गल्लीतली मोकाट कुत्री, ह्यातलं काहीच त्यात नसतं. खान्देशात कोणी खाऊ देऊन शिकवलंय का, नीट सांगा.

पांझराकाठ (धुळे)

दादा, ब्रुनो हट्टी नाहीये हे आधी मनात पक्कं करा. तो बस शिकलाय ते तुमच्या हॉलमध्ये, त्या फरशीवर, तुम्ही समोर उभे असताना. तोच शब्द तलावावर पण चालतो हे कुत्र्याला आपोआप कळत नाही, प्रत्येक नवीन जागी थोडं पहिल्यापासून शिकवावं लागतं. त्यात तिथे शंभर वास, माणसं, पक्षी, सायकली. तिसरीतल्या पोराला सारंगखेड्याच्या यात्रेत उभं करून तेराचा पाढा विचारला तर तो काय सांगेल, तसं झालंय हे.

म्हणून काही दिवस तलाव विसरा. हॉलमध्ये येतं ते गॅलरीत करून घ्या, मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये, मग गेटच्या आत उभं राहून गेट उघडं ठेवून, मग गल्लीत जेव्हा कोणी नसतं तेव्हा. एका वेळी पाच मिनिटं पुरे, कंटाळायच्या आत थांबवायचं. एका जागी दहापैकी आठ वेळा पहिल्या हाकेला ऐकायला लागला की पुढची जागा, आणि नवीन जागी गेलात की अपेक्षा परत खाली आणायची, म्हणजे घरात मिनिटभर बसत असेल तर बाहेर दोन सेकंद बसला तरी लगेच खाऊ.

बिस्किट बाहेर चालत नाही कारण बाहेरच्या वासापुढे बिस्किट म्हणजे काहीच नाही. उकडलेलं चिकन (मीठ मसाला न घालता), उकडलेलं अंडं, पनीर असलं काहीतरी न्या आणि ते फक्त बाहेरच मिळेल असं ठेवा. तुकडा अर्ध्या शेंगदाण्याएवढा, मोठा दिला की चावत बसतो आणि पोट पण भरतं. आणि बरोबर वागल्या क्षणी, म्हणजे सेकंदाच्या आत, त्याला कळलं पाहिजे. खिशातून पुडी सोडून देईपर्यंत तो उठून उभा राहिलेला असतो आणि त्याला वाटतं की उठल्याचा खाऊ मिळाला. म्हणून आधी घरात "येस" म्हणायचं आणि लगेच तुकडा द्यायचा, एवढंच बऱ्याचदा करायचं, मग बाहेर "येस" ऐकलं की त्याला कळतं आत्ता केलं ते बरोबर होतं, तुकडा दोन सेकंद उशिरा आला तरी चालतं.

सगळ्यात महत्त्वाचं अंतर. माझी चिंगी गावठी आहे, आम्ही पांझरेच्या काठाने फिरतो आणि सकाळी तिथून शेळ्या जातात. कळप लांब असला की चिंगीचे कान शेळ्यांकडे पण हातातलं अंडं मऊ तोंडाने घेते, माझ्याकडे बघते. तोच कळप जवळ आला की अंडं नाकाला टेकवलं तरी तोंड मिटलेलं, शेपूट ताठ, पुढचा एक पाय उचललेला, आणि घेतलंच तर बोटाला दात लागतील असं ओरबाडून घेते. तुम्हाला हीच खूण बघायचीय. खाऊ घेत नाही म्हणजे आपण फार जवळ आलोय, अशा वेळी बस बस बस ओरडण्यात काही अर्थ नाही, वळायचं आणि तो परत खायला लागेल एवढं लांब जायचं, तिथून शिकवायचं. पळणाऱ्या माणसांचं पण असंच, ट्रॅकवर नको, ट्रॅक दिसेल अशा लांबच्या कोपऱ्यात उभे राहा, माणूस दिसला, ब्रुनोने त्याच्याकडे बघून तुमच्याकडे बघितलं, येस, तुकडा. बस एवढंच. अंतर आठवड्या-आठवड्याने कमी होतं, घाई केली की मागे जातं.

ओढण्याचं सांगते. पट्टा ताणला की तुम्ही झाड व्हा, हलायचं नाही, सैल झाला की चाला, आणि तो तुमच्या पायाजवळ चालत असताना तिथेच, पायाजवळच तुकडा द्या. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घ्या, समोर कडी असलेला मिळाला तर उत्तम, ओढून खोकायचा थांबेल.

केळीवाला (रावेर)

ताईंनी बरोबर सांगितलं. भो, एक गोष्ट माझ्याकडून. बाहेर हाकेले यायचं शिकवायले लांब दोरी लागते, पण बाजारातली महागडी घेऊ नको, बैलाचा सुती कासरा मिळतो ना आठवडे बाजारात, तो घे. नायलॉन नको, हात सोलून निघतो. टोकाला गाठ ठेवू नको म्हणजे कशात अडकणार नही, आणि हार्नेसलेच बांध, गळ्याले नको, पळत सुटला आणि कासरा संपला की मानेले झटका बसतो.

आमच्या केळीत रानडुकरं येतात, कुत्रं त्यांच्यामागे गेलं तर फाडून टाकतील, म्हणून हाकेले परत येणं आमच्यासाठी जीवाचा प्रश्न. मी कासरा मोकळा जमिनीवर सोडून पिल्लू वास घेत हिंडू द्यायचो, मधीच नाव घेऊन "ये" म्हणायचं आणि आपण उलट्या दिशेने चालू लागायचं, मागे आलं की एक नही, चार पाच तुकडे एकामागे एक, कौतुक, आणि "जा" म्हणून परत हिंडायले सोडायचं. परत सोडायचं हे विसरू नको. ये म्हटलं की दरवेळी पट्टा लागतो आणि घरी जावं लागतं हे त्याले एकदा कळलं की तो यायचाच नही. आंघोळ घालायची, औषध पाजायचं, तेव्हा हाक मारू नको, आपण जाऊन आणायचं. आणि उशिरा आला म्हणून कधी रागवायचं नही, तो आला याची शिक्षा मिळाली असं त्याले वाटतं. खाऊले मी सुकट वापरतो, वासाने वेडं होतं.

अमळनेरकर

मला हे खाऊ प्रकरण पटत नाही. आमच्या वाड्यात चार पिढ्या कुत्री होती, भाकरी आणि धाक यावर राहिली, राखण केली. खाऊ दाखवून काम करून घ्यायचं म्हणजे खाऊ संपला की कुत्रा पण संपला. हे सगळं गेल्या काही वर्षांतलं फॅड आहे असं माझं स्पष्ट मत.

पशुवैद्यक_भुसावळ

अमळनेरकर काका, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण हे फॅड नाही. ज्या वागण्याचा परिणाम चांगला ते वागणं वाढतं हे थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १८९८ सालीच मांजरांवर प्रयोग करून मांडलं होतं, पुढे स्किनर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने ते खूप खोलात नेलं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलंय की सगळ्या कुत्र्यांसाठी बक्षीस देऊन शिकवण्याचीच पद्धत वापरावी, कारण मार आणि हिसक्याने भीती आणि चावण्याचा धोका वाढतो. ब्रुनो काठीवाल्याला बघून लपतो ना, ते हेच आहे. आज लपतो, उद्या मोठा झाल्यावर पळायला जागा नसली तर गुरगुरेल. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये मारहाण गुन्हा आहे हेही असू द्या.

खाऊ संपला की कुत्रा संपला, ही शंका बरोबर आहे, फक्त उत्तर आहे तिला. खाऊ हातात धरून दाखवायचा नाही, आधी काम, मग खिशातून. आणि एखादी गोष्ट एका जागी पक्की झाली की दरवेळी द्यायचा नाही, कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा, कधी एकदम तीन तुकडे. मधल्या वेळी शाब्बासकी, बॉल, किंवा "जा, वास घे". फक्त ये म्हटल्यावर आला तर मात्र शक्यतो कायम काहीतरी द्या, तो शब्द एक दिवस गाडीखाली जाण्यापासून वाचवतो.

रावेरच्या दादांना विनंती, सुकटीत मीठ फार असतं, द्यायचीच तर भिजवून, धुऊन, उकडून. केळं मात्र चालतं, एखादी चकती, आपल्याकडे त्याची कमी नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही, म्हणजे भरीत, शेवभाजी, मसाल्याचं चिकन हे प्रेमाने पण देऊ नका. बऱ्याच शुगरफ्री च्युइंगगममध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असतं, तेही कुत्र्याला विष. दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ नको, तेवढं जेवण कमी करा, लॅब पटकन सुटतात.

आता ऊन, ह्यावर मी जास्त बोलणार कारण दर मे महिन्यात दवाखान्यात तडफडत आलेली कुत्री बघतो. आपल्याकडे ४४-४५ डिग्री होतं. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच तो अंग थंड करतो. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत ट्रेनिंग उरकायची. संध्याकाळी ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच असतं, हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर ठेवा, तुम्हाला सहन झालं नाही तर त्याचे तळवे भाजणार. जोरात धाप, चिकट लाळ, हिरड्या लालभडक, चाल लडखडती, असं दिसलं की लगेच सावली, अंगावर पाणी, पंखा, आणि तसंच ओलं ठेवून दवाखान्यात. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी उकळतं असतं, ते ओतू नका, माठाचं किंवा हौदाचं घ्या.

ज्यांच्याकडे अजून लहान पिल्लं आहेत त्यांच्यासाठी: तीन ते साधारण चौदा आठवडे हा काळ जग ओळखायचा. लसी पूर्ण व्हायच्या आहेत म्हणून घरात कोंडून ठेवू नका, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाच्या भीतीने जमिनीवर सोडायचं नाही हे बरोबर, पण कडेवर घेऊन बाजार, रिक्षा, शाळा सुटलेली पोरं, हे दाखवता येतं, दाखवताना तुकडा द्या.

मेहरूणवाला (जळगाव)

डॉक्टर साहेब, ताई, भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. कासरा घेतला. पार्किंगमध्ये चिकन घेऊन सुरू केलंय आणि तिथे तो चक्क माझ्या डोळ्यात बघतोय, आबा जिन्यात उभे राहून बघत होते, आज त्यांनीच हातात दोन तुकडे मागून घेतले. घरातल्या सगळ्यांनी ये हाच शब्द वापरायचा असं ठरवलंय, आई "इकडे ये रे बाळा" म्हणत होती ते बंद.

आता प्रश्न गल्लीतल्या कुत्र्यांचा. कोपऱ्यावर मटणाचं दुकान आहे, तिथे पाच सहा बसलेली असतात, ती अंगावर येतात, ब्रुनो घाबरून ओढतो आणि सगळं शिकवलेलं वाया.

पिंप्राळा_ताई

आमच्याकडे पण हेच. तो कोपरा सध्या टाळाच, दुसऱ्या बाजूने लांबून गेलात तरी चालेल. घरातच "चल मागे" शिकवा, म्हणजे शब्द ऐकला की गर्रकन तुमच्याबरोबर वळायचं, वळला की तुकडा. हे इतकं खेळासारखं करा की विचार न करता वळेल. मग लांबून टोळी दिसली की ती भुंकायच्या आधीच चल मागे. अचानक जवळ आलीच तर पळू नका, पट्टा आखडून ओढू नका, तुम्ही मध्ये उभे राहा, मूठभर खाऊ त्यांच्या बाजूला लांब फेका आणि शांतपणे निघा. मी रोज येता जाता त्यातल्या दोघांना नावाने हाक मारून थोडी भाकरी टाकते, आता ती माझ्यावर भुंकत नाहीत. चावलं किंवा ओरखडलं, तुम्हाला किंवा ब्रुनोला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर, ब्रुनोची रेबीजची लस झालेली असली तरी.

मेहरूणवाला (जळगाव)

हे लगेच करतो ताई. शेवटचं, कासरा कधी सोडायचा? मित्राचा कुत्रा मोकळा चालतो बरोबर.

पांझराकाठ (धुळे)

दादा, हायवे किंवा वाहता रस्ता जवळ असेल तिथे कधीच नाही, कितीही शहाणा झाला तरी. आणि आत्ता तर विचारच करू नका, सहाव्या महिन्यापासून साधारण दीड वर्षापर्यंत ही पोरं वयात येतात, काल येत होतं ते आज आठवत नाही असं वागतात, तेव्हा निराश होऊन हात उचलू नका, परत पार्किंगमध्ये या आणि सोपं करा. मोकळं सोडायचं तर भिंत असलेलं शेत किंवा कंपाउंड बघा, तिथेही आधी कासरा जमिनीवर लोळत ठेवून. शेळ्या, कोंबड्या, दुसरा कुत्रा समोर असताना तो पहिल्या हाकेला वळून येतो हे बरेच दिवस, वेगवेगळ्या जागी दिसलं, की मग कासरा कापून अर्धा करा, मग त्याच्याही अर्धा. एकदम काढू नका.