टाचदुखी, तळव्याच्या कमानीचं दुखणं: तुमचे अनुभव सांगा

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत टाचदुखीवाल्या बायका इतक्या झाल्यात की म्हटलं सगळ्यांनाच विचारावं. कशाने बरं वाटलं, कशाने काहीच झालं नाही, दोन्ही लिहा. मी शिक्षिका, दिवसभर उभी. डॉक्टर म्हणाले प्लांटर फॅसायटिस, म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जो जाड पट्टा असतो तो दुखावलाय. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो अंथरुणातच करायच्या ताणाचा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढायची, १० पर्यंत मोजायचं, असं १० वेळा, आणि मगच पाय खाली टाकायचा. घरातही अनवाणी नाही, फरशीवर तर नाहीच!

+१ ताणाला. मी नेरुळला राहतो, इथल्या ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत रोज चालायला जायचो. फिजिओ म्हणाली दुखणं टाचेत असलं तरी पोटऱ्या आखडल्यात, आधी त्या मोकळ्या करा. मग जिन्याच्या पायरीवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबायचं, ३ सेकंदांत खाली, एक दिवसाआड. कंटाळवाणं आहे आणि महिने लागतात, पण पाय खरंच बळकट होतो, म्हणून सोडू नका.

तुर्भ्याला मार्केटमध्ये गाळा आहे आमचा, पहाटेपासून काँक्रीटवर उभं राहायचं. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं आणि घरचे ऑपरेशनचं बोलायला लागले. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की असं हाड न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांनाही असतं, घाबरू नका. सिलिकॉनचे हील कप, जाड सोलचे बूट आणि रात्री गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवणं, एवढ्यावर भागलं.

टाचेत देतात त्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. घेतल्यावर छान वाटलं, पण थोड्या आठवड्यांनी पुन्हा तेच. सारखी घेतली तर टाचेखालची चरबीची गादी झिजते, पट्टा फाटूही शकतो, तेव्हा नीट विचारून घ्या.

कृपया डायबेटिसवाल्यांनी बर्फ, गरम पाणी जपून!! माझ्या सासूबाईंना (कोपरीला असतात) रात्री तळव्यांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. आम्ही टाचदुखीच समजत होतो, निघालं नसांचं. बधिर पायाला चटका बसलेला कळतच नाही हो.

नेरुळवाले दादा, पायरीचा व्यायाम करताना दुखलं तर थांबायचं का? माझं टाचेपेक्षा कमानीतच जास्त दुखतं.

ताई, सोसवेल इतकं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी वाढलं तर कमी करा. पण कमान बसत चालली असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज असेल, एका पायाच्या चवड्यावर उभंच राहता येत नसेल तर व्यायाम सुरू करण्याआधी ऑर्थोपेडिकला दाखवा, ते दुखणं या पट्ट्याचं नसून घोट्याच्या आतल्या बाजूच्या वेगळ्या स्नायूबंधाचं असू शकतं.