घंटेपेक्षा उजेड

प्रीस्टलीच्या 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स' या नाटकात इव्हा नावाच्या पोरीनं जीव दिला म्हणून इन्स्पेक्टर कारखानदार बर्लिंगच्या घरी चौकशीला येतो. तिथली दाराची घंटा म्हणजे टोचणारं मन, असं कुणीतरी म्हटलं, ते पटलं. पण मला त्यातला उजेड जास्त बोलका वाटतो. आधी गुलाबी, मऊ. इन्स्पेक्टर आला की लख्ख आणि कडक, अशी रंगसूचनाच आहे. परभणीत आम्ही वाचन केलं तेव्हा दिव्यांची सोय कुठली! पिवळा बल्ब बंद करून ट्यूब लावली. ती दोनदा फडफडली आणि बर्लिंग वाचणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसायला लागला. ठरवून असं जमलं नसतं.

इव्हाच्या फोटोकडेही बघा. इन्स्पेक्टर तो एका वेळी एकालाच दाखवतो, दुसऱ्याला डोकावू देत नाही. म्हणून तर शेवटी बर्लिंगच्या होणाऱ्या जावयाला, जेराल्डला म्हणता येतं, पोरगी एकच होती कशावरून?



इव्हाला आठवड्याला साडेबावीस शिलिंगांऐवजी २५ मागितले म्हणून बर्लिंगच्या कारखान्यातून काढतात. तिथं आमच्यातला बीडचा पोरगा थांबला, म्हणाला, "दादा, आमच्याकडं ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. नाव तरी कोण विचारतंय?" इव्हाचीही नावं बदलतच जातात की.