मागे जाऊ की नको? स्क्रीनवर वाट चुकल्याचे अनुभव

काल एक ऑनलाइन फॉर्म भरत होते. पाचव्या पानावर लक्षात आलं की जन्मतारीख चुकली, म्हणून 'मागे' दाबलं. सगळं कोरं! आता मोठी उत्तरं आधी वहीत लिहून ठेवते. तुमचं बोट कुठे अडखळतं? लिहा. चिडून लिहिलंत तरी चालेल.

*

बाबांना फोनवर सांगत होतो, "वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत ना, त्या दाबा."
"रेघा आहेत रे, पण ती नक्षी आहे."
अख्खा मेनू त्या नक्षीमागे! हे चिन्ह डिझायनर नॉर्म कॉक्स यांनी १९८१च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी काढलेलं. एवढं जुनं आहे, तरी शेजारी 'मेनू' लिहिलं तर काय बिघडतं?

*

मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. चित्राच्या बटणाला लेबल दिलेलं नसलं की तो नुसतं "बटण" म्हणतो. एका ॲपवर बोट सरकवत गेलो: बटण. बटण. बटण. चौथ्यावर दोनदा टकटक केलं, ऑर्डर रद्द. उलट, मथळे नीट दिलेलं पान असलं की कीबोर्डवर 'एच' दाबत मी एकेक मथळा ओलांडतो आणि डोळसांच्या आधी हवं तिथे पोचतो.

*

संपर्काची लिंक पानाच्या तळाशी. तळ आला की नवा मजकूर लोड होतो, लिंक आणखी खाली. दिसते, पण हाती लागत नाही. शेवटी नेट बंद करून पकडली!

*

आम्हा डेव्हलपरांच्या नावाने खडे फोडताय, तर माझीही कबुली. 'जतन करा' आणि 'काढून टाका' ही बटणं आम्ही शेजारीशेजारी ठेवली होती, एकाच आकाराची, एकाच रंगाची. आम्हाला जागा पाठ, त्यामुळे कुणालाच खटकलं नाही. मग एका नवख्या बाईंना वापरायला बसवलं. आम्ही मध्ये बोलायचं नाही, अशी अट. त्यांनी अख्खी यादी उडवली आणि म्हणाल्या, "सॉरी हं, माझंच चुकलं." मान वर करवेना. त्याच आठवड्यात 'पूर्ववत करा' आलं.

*

वर्गणी बंद करायला गेले तर बटणावर, "नको, मला बचत आवडत नाही." असल्या फसव्या मांडणीला डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. मी तोंडाने वेगळं नाव दिलं, ते इथे लिहीत नाही.

*

धागा काढणारी मीच. फॉर्म आज पुन्हा भरला. तिसऱ्या पानावर "तुमचं सत्र संपलं आहे." वही होती म्हणून निभावलं.