हातात पैसा आला की जातीचा जाच संपेल का? (टोपणनावांनी बोलणाऱ्या तिघांची चर्चा)

ताळेबंद
माझं म्हणणं सरळ आहे. जातीचा जाच टिकतो तो परावलंबनावर. ज्याच्या शेतात मजुरी, त्याच्याकडूनच उचल आणि त्याच्याच विहिरीचं पाणी, अशा माणसाला 'नाही' म्हणायची सोय नसते. महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्याने काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचं बंधन सरकारवर घातलं. मजुरी कामाच्या मापावर, बाई-पुरुष दोघांना एकच दर. काम खडी फोडायचं का असेना, दुसरं दार उघडं असलं की मजुराला मालकाशी भाव करता येतो. प्रबोधन चालू राहू दे, पण आधी आर्थिक धोरण.

सातबारा
दुसरं दार हवंच, याबद्दल वाद नाही. पण त्या दारापर्यंत जायची वाट कुणाच्या शेतातून जाते?

दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना घ्या. 2004 पासून भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत जमीन. आधी निम्मं कर्ज होतं, 2018 पासून शंभर टक्के अनुदान. दराची कमाल मर्यादा जिरायतीला एकरी 5 लाख, बागायतीला 8 लाख. कागदावर याहून चांगलं आर्थिक धोरण सापडणार नाही.

आता अडतं कुठे ते बघा. जमीन सरकारने विकत घ्यायची, म्हणजे विकणारा लागतो. रस्त्याकडेची, पाण्याजवळची जमीन या दरात कुणी देत नाही. पुढे येतो तो माळावरचा खडकाळ गट, तोही चार जणांचे बांध ओलांडून जायचा. खरेदी झाली, सातबाऱ्यावर नाव चढलं, आणि पेरणीच्या तोंडावर शेजारी म्हणतो, "माझ्या बांधावरून बैल न्यायचे नाहीत." विहिरीसाठी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे वेगळा अर्ज, वीजजोडणीसाठी महावितरणकडे आणखी एक. तोवर पाणी शेजाऱ्याकडूनच मागायचं. जमीन मिळूनही माणूस होता त्याच उंबऱ्यावर उभा.

निविदाखिडकी
शहरातही तेच. लघुउद्योगांकडून सरकारी खरेदी करण्याच्या केंद्राच्या 2012 च्या धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून 4 टक्के खरेदीचं उद्दिष्ट आहे. पण असे उद्योग निविदेत उतरले नाहीत किंवा दरात बसले नाहीत, तर तो 4 टक्क्यांचा वाटा इतर लघुउद्योगांकडून भरायची मुभा त्याच आदेशात दिली आहे. अनामत रकमेत सूट आहे, पण बिल थकलं की खेळतं भांडवल लागतं, आणि ते नात्यागोत्यातून उभं करायची सोय पहिल्या पिढीच्या उद्योजकाकडे क्वचितच असते.

ताळेबंद
ही धोरणाच्या मसुद्यातली भोकं आहेत, ती बुजवता येतात. मुभा काढून टाका, न झालेली खरेदी पुढच्या वर्षाच्या उद्दिष्टात मिळवा. जमिनीच्या योजनेत अट घाला: खरेदीखताआधी मोजणी, नकाशावर वहिवाटीचा रस्ता, आणि विहिरीचा अर्ज त्याच फाइलमध्ये. त्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने दर मंजूर करू नये. यात आर्थिक धोरण हरलं कुठे?

सातबारा
अटी उत्तम आहेत, घालाव्यातच. पण निवड करणाऱ्याच्या मनातली जात तुमच्या मसुद्यात कशी पकडणार? अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटेवेल यांचा 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवा. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जांना पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावांच्या सुमारे दोन तृतीयांशच भरली. तिथे शिक्षण होतं, पदवी होती. नडलं ते नाव.

म्हणून अॅट्रॉसिटी कायदा लागतो. 2015 च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कारही गुन्हा ठरला. किराणा द्यायचा नाही, मजुरीला बोलवायचं नाही, असं गावाने ठरवलं तर खात्यातल्या अनुदानाचा काय उपयोग?

ताळेबंद
बहिष्काराचा मुद्दा मान्य, तिथे पैसा एकटा पुरत नाही. पण फिर्याद देऊन टिकून राहायला चार महिन्यांचं धान्य घरात लागतं. नाहीतर साक्षीदार फुटतात आणि फिर्यादी तडजोडीला येतो.

सातबारा
हे मात्र अगदी खरं. रस्त्याचंही तसंच आहे. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायदा 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. प्रत्येक तारखेला एक मजुरी बुडते. तेवढा खर्च योजनेतच धरायला हवा.